आकड्याआधी वेळ बघ

अगं, रडणं पुरे आता. आधी जावईबापूंना पोलिसांनी जे जे कागद दिलेत ते सगळे एका जागी गोळा कर. श्वासातली दारू तपासायच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी सापडली का? किराणा दुकानाच्या पावतीसारख्या गुळगुळीत कागदाची असते. तिचा आत्ताच्या आत्ता मोबाइलवर फोटो काढ. त्या कागदावरची छपाई उष्णतेनं उडते आणि आपल्या मौद्याचं ऊन तुला सांगायला नको. कोर्टाच्या तारखेपर्यंत ती खिशात नाहीतर गाडीच्या डिकीत राहिली, तर कोरा कागद हातात येईल.

चिठ्ठीवरचा आकडा म्हणून तू फोनवर चारदा ‘एकेचाळीस’ म्हणालीस. मी विचारलं, किती वाजता? तर तुला सांगता येईना. सगळ्यांचं असंच होतं, आकडा लक्षात राहतो आणि वेळ कुणी बघतच नाही. आकडा काय, छापून आलेला आहे, तो कुठे जात नाही. मला आधी वेळ हवी. लग्नातलं जेवण किती वाजता झालं, शेवटचा घोट किती वाजता, गाडी किती वाजता अडवली, फुंकायला किती वाजता लावलं आणि रक्त किती वाजता काढलं. त्यांना शांतपणे बसवून विचार आणि वहीत लिहून काढ. सासूबाई समोर असताना विचारू नकोस, खरं बोलणार नाहीत.

सासूबाईंचं मला कळतं गं. ज्या गावात महानत्यागी बाबा जुमदेवांचा आश्रम आहे, ज्या घरानं बाबांचे सेवक झाल्यावर चार तत्त्व, तीन शब्द, पाच नियम पाळून दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, त्या घरातला कर्ता माणूस भंडारा रोडवरच्या नाकाबंदीत फुंकताना सापडला, म्हणजे चौकापर्यंत बोभाटा होणारच. पण घरातली लाज वेगळी आणि कोर्टातली केस वेगळी. लाजेपोटी केसचं वाटोळं करून घेणारी माणसं मी खूप पाहिलीत. पहिल्याच तारखेला हात जोडून ‘कबूल आहे साहेब’ म्हणतात, कारण लवकर मिटवायचं असतं. आणि काही जण उलटे, मिशीला पीळ देऊन लढतात आणि हातात काहीच नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ काय म्हणतं ते नीट ऐक. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं किंवा चालवायचा प्रयत्न करणं हा गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंत होता, म्हणून जुनी माणसं अजून ‘दोन हजारात सुटतं’ म्हणतात. त्यांचं ऐकू नकोस. हेल्मेटच्या चलनासारखं हे जागेवर पैसे भरून मिटतही नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते.

आपला न्यू जर्सीवाला सकाळपासून व्हॉट्सअॅपवर सल्ले देतोय म्हणे. तिकडे पोलीस एका पायावर उभं करतात, टाचेला अंगठा लावून सरळ रेघेवर नऊ पावलं चालवतात, डोळ्यांसमोर पेन फिरवून बुबुळं थरथरतात का बघतात. तिथले वकील त्यावरच तुटून पडतात: रस्ता उताराचा होता, बूट उंच टाचेचे होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याला सांग, दादा, तुझं तिकडे ठीक आहे. आपल्या कायद्यात रस्त्यावरची परीक्षा म्हणजे श्वासाची, आणि तीसुद्धा केंद्र सरकारनं राजपत्रात मान्यता दिलेल्या प्रकारच्या यंत्रावर. कलम २०३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

पण चाल-बोलणं आपल्याकडेही येतंच, फक्त ते डॉक्टरच्या फॉर्मवर येतं. रात्रपाळीचा डॉक्टर लिहितो: तोंडाला दारूचा वास, चाल अडखळती, बोलणं अस्पष्ट, बाहुल्या विस्फारलेल्या. जावईबापूंच्या कागदात असं काही असेल तर घाबरू नकोस आणि त्याकडे काणाडोळाही करू नकोस. सर्वोच्च न्यायालयात १९७१ साली आपल्या महाराष्ट्रातूनच एक प्रकरण गेलं होतं, बच्चूभाई हसनअली करियाणी यांचं. त्यात वास, चाल, बोलणं, बाहुल्या सगळं नोंदलेलं होतं, पण लघवी-रक्ताची तपासणीच नव्हती. कोर्ट म्हणालं, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पन्नास वर्षं उलटली तरी वकील अजून तो निकाल काढतात. पाटणा उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका माणसानं ‘मी होमिओपॅथीचं औषध घेत होतो’ म्हटलं, तेव्हाही नुसत्या श्वासयंत्राच्या अहवालावर विसंबता येणार नाही असं सांगताना कोर्टानं याच निकालाचा आधार घेतला. ते प्रकरण बिहारच्या दारूबंदीचं, गाडी चालवण्याचं नव्हे, त्यामुळे इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे कलम १८५ मध्ये श्वासयंत्राचं नाव घेऊनच गुन्हा सांगितलाय.

आता ते खोकल्याचं औषध. जावईबापूंनी तुला तेच सांगितलं ना? मी त्यांना खोटं पाडत नाही. पण कोर्टात हे वाक्य इतक्यांदा उच्चारलं जातं की साहेब मान वर करूनसुद्धा बघत नाहीत. औषधातलं, माउथवॉशमधलं अल्कोहोल तोंडात राहतं आणि त्यानं आकडा फुगतो हे खरं आहे, पण पंधरा-वीस मिनिटांत ते विरून जातं. म्हणून नीट करायची तर पंधरा मिनिटं थांबून, तोंडात काही न घालता, पुन्हा फुंकायला लावतात. एकेचाळीस हा आकडा काठावरचा आहे. तेव्हा पंधरा मिनिटं थांबवलं होतं का, दुसऱ्यांदा फुंकायला लावलं का, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. एकशे एकेचाळीस असता तर मी हा विषयच काढला नसता. आणि हो, खोकल्याचं औषध म्हणायचं असेल तर त्या आठवड्यातली डॉक्टरची चिठ्ठी नि दुकानाचं बिल हवं. आज जाऊन बाटली आणू नकोस, बिलावर तारीख असते.

मशीनचं बोलू. फुंकायची नळी नवी होती का, पाकीट समोर फोडलं का? आधीच्या माणसाची नळी वापरली असेल तर तुमचा श्वास कुठला आणि त्याचा कुठला? फुंकण्याआधी मशीननं शून्य दाखवलं का? केरळ उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं, की आधी कोरी चाचणी शून्य आली नसेल तर पुढच्या आकड्यावर विसंबता येत नाही. मशीनचा नंबर चिठ्ठीवर असतो आणि त्या नंबरच्या मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं याचं प्रमाणपत्र वकिलानं मागायचं असतं. बहुतेक वेळा ते असतंच. नसेल तर उलटतपासणीत हवालदाराला दोनच प्रश्न पुरतात. चिठ्ठीवर जावईबापूंची सही आहे का तेही बघ. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, फक्त ही चिठ्ठी माझ्या समोर निघाली एवढंच त्यातून ठरतं.

तू विचारलंस, फुंकायला नाहीच म्हटलं असतं तर? अजिबात नाही. नकार दिला तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होते, आणि कलम २०५ तुझ्या नकारालाच सरकारी बाजूच्या पुराव्याचं बळ देतं, योग्य कारण दाखवलं नाही तर. दमा असेल, छातीचा आजार असेल, श्वास पुरत नसेल, तर ते तिथेच सांगायचं आणि म्हणायचं, माझं रक्त घ्या. रस्त्यावर हुज्जत घालून आजवर कुणाची केस सुटलेली मी पाहिली नाही. उलट सरकारी कामात अडथळ्याचं आणखी एक कलम चिकटतं.

रक्ताचं नीट समजून घे, कारण तुझ्या केसमध्ये सगळा जीव तिथे आहे. कलम २०२ सांगतं की १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर माणसाला कोठडीतून सोडायला हवं. लोक यातून ‘दोन तास उलटले, केस खलास’ असा अर्थ काढतात. तसं नाही. सोडायचं कोठडीतून, केस चालूच राहते. पण उशीर का झाला हा प्रश्न मात्र कायम हातात राहतो.

हे दोन तास कशाला ठेवलेत? १०० मिलिलिटर रक्तामागे शरीर साधारण तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जिरवतं, कुणाचं जरा कमी, कुणाचं जरा जास्त. म्हणजे रात्री बाराला नव्वद असलेला माणूस पहाटे चारला तीसवर येऊन उभा राहतो. तेव्हा प्यायलेल्याला जितका उशीर तितकं बरं. आणि न प्यायलेल्याचं किंवा घोटभर प्यायलेल्याचं उलट असतं. त्याला रक्त ताबडतोब काढून घेण्यातच फायदा, कारण नंतर आलेल्या कमी आकड्यावर सरकारी वकील म्हणणारच, ‘साहेब, तोवर उतरली होती.’ नागपुरात सप्टेंबर २०२४ मध्ये एका ऑडी गाडीनं बऱ्याच वाहनांना धडक दिली तेव्हा गाडीतल्या दोघांच्या रक्तात २८ आणि २५ असे आकडे आले, दोन्ही तीसच्या आत. त्या वेळी अख्ख्या शहरात एकच वाद, नमुना किती वाजता घेतला.

जावईबापूंचं एकेचाळीस जर पावणेबाराला आलं असेल आणि रक्त दीड-दोनला काढलं असेल, तर प्रयोगशाळेचा आकडा दहा-पंधराच्या घरात यायला हवा. तसा आला तर तो त्यांना निर्दोष ठरवत नाही, श्वासाच्या आकड्याशी जुळतो इतकंच. साठ आला तर मात्र काहीतरी गडबड आहे. एक तर लग्नातून निघताना शेवटचा पेग घेतला होता आणि तो रक्तात चढत होता, नाहीतर कुपीत घोटाळा. पहिलं खरं असेल तर ते मला तारखेआधी कळू दे, कोर्टात सरकारी वकिलाच्या तोंडून नको. रक्त काढल्याची वेळ दवाखान्याच्या मेडिको-लीगल केसच्या (एमएलसी) रजिस्टरमध्ये असते, त्याची नक्कल वकिलामार्फत मागता येते.

कुपीतला घोटाळा कसा होतो ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे दारूबंदी कायद्याखाली १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्ततपासणीचे नियम आहेत. त्यात सुई टोचण्याआधी कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायला सांगितलीय, स्पिरिटनं नाही. रक्त काढताना अल्कोहोलचा कुठेही स्पर्श होता कामा नये. आता तूच आठव, आपण सुई टोचून घ्यायला गेलो की नर्स आधी काय करते? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवते. हात सवयीनं चालतो. मग रक्त ज्या कुपीत घालायचं तिच्यात रक्त गोठू न देणारं आणि नासू न देणारं औषध हवं, सोडियम फ्लोराइड. दवाखान्यात करड्या बुचाची बारीक नळी दिसते ना, साखर तपासायला वापरतात, तीच. ते औषध नसेल आणि कुपी नागपूरच्या मे महिन्यात फ्रीजबाहेर पडून राहिली, तर जंतू रक्तातल्याच साखरेपासून अल्कोहोल तयार करतात. जो माणूस थेंबभर प्यायला नाही त्याच्याही कुपीत आकडा निघू शकतो. नळी भरल्यावर हलवायची, लेबल लावायचं, डॉक्टरची सही, वेळ, मोहोर, आणि सात दिवसांत प्रयोगशाळेत पोचती. आपल्याकडून ती नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरात कुपी कधी आली, कधी गेली, कोण घेऊन गेलं, हे सगळं लिहिलेलं असतं. असायला हवं.

हा वाद जुना आहे. धुळ्याकडच्या एका गाडी अपघातातलं उखा कोल्हे यांचं प्रकरण १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलं, तिथेही काढलेलं रक्त तपासणीपर्यंत नीट राखलं होतं का हाच प्रश्न होता. आणि सलमान खानचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. २८ सप्टेंबर २००२ ची वांद्र्याची पहाट, रक्तात ६२ मिलिग्रॅम. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षं दिली आणि १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. कारणं बरीच होती, त्यातलं एक म्हणजे रक्ताचा नमुना. काढल्याचं सांगितलं सहा मिलिलिटर आणि प्रयोगशाळेत पोचलं चार. कायदा म्हणून मला तो मुद्दा पटतो. पण फुटपाथवर झोपलेला एक माणूस त्या रात्री मेला, त्याच्या घरच्यांना दोन मिलिलिटरचा हिशेब देऊन काय मिळालं असेल, हेही माझ्या डोक्यातून जात नाही. राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणून आता एक गोष्ट कडक शब्दांत. तुझा दीर म्हणाला म्हणे, ‘दवाखान्यात ओळख आहे, बघू.’ त्याला तिथेच थांबव. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, घरच्यांनाही. आधी एक केस होती, मग कितीतरी झाल्या. तुझ्या नवऱ्याची आज कलम १८५ ची साधी केस आहे, कुणाला खरचटलं नाही, कुणाची गाडी ठोकली नाही. तिला पुरावा नष्ट करण्याची केस बनवायची असेल तर खुशाल ओळख काढा. मग मला फोन करू नका.

लढायचं की कबूल करायचं? सगळे कागद बघितल्याशिवाय कुणीही वकील छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नकोस. माझ्या मते, वेळा जुळत असतील, मशीन नीट असेल, चिठ्ठीवर सही असेल आणि ते घरी खासगीत म्हणत असतील की हो, दोन पेग झाले होते, तर वकिलाच्या तोंडून पहिला गुन्हा म्हणून दंडावर मिटवण्याची विनंती करा आणि पुढे चला. वर्षानुवर्षं तारखा करत मौद्याच्या कोर्टात उभं राहण्यात काय मिळणार? रोजी बुडते ती वेगळी. पण वेळा जुळत नसतील, फुंकणं आणि रक्त यांचे आकडे एकमेकांना खोटं पाडत असतील, तर घाई करू नका. कबुली एकदा नोंदली की ती कायमची. पुढे दुसऱ्यांदा असं काही झालं तर हीच कबुली पंधरा हजारांचं आणि दोन वर्षांचं दार उघडते.

विम्याचं कुणी सांगितलं नसेल. फौजदारी केसमध्ये रक्ततपासणी नाही म्हणून माणूस सुटू शकतो, पण अपघातात गाडीचं नुकसान झालं आणि क्लेम करायचा झाला तर ते गणित वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका विमा कंपनीच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की तपासणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून चालक प्यायलेला होता हे कंपनी दाखवू शकते. ती गाडीसुद्धा पोर्शेच होती, दिल्लीत इंडिया गेटजवळ उलटलेली. एकच रात्र, दोन कोर्टांत दोन मापं. लोकांना हे अन्यायाचं वाटतं, मला नाही वाटत. तुरुंगात टाकायला जास्त खात्री लागावी आणि पैसे नाकारायला जरा कमी, यात गैर काही नाही.

तूही स्कूटी चालवतेस, म्हणून हेही माहीत असू दे. बाईचं रक्त घ्यायचं आणि समोर पुरुष डॉक्टर असेल, तर कलम २०४ प्रमाणे दुसरी बाई हजर असल्याशिवाय घेता येत नाही. ती डॉक्टर किंवा नर्स असायलाच हवी असं नाही. मौद्यात रात्री अशी वेळ आली तर लाजून गप्प बसू नकोस.

तारखेला जाताना काळा चष्मा नको, चार मित्र बरोबर नकोत. सासूबाईंना नेऊ नकोस, त्या तिथेच बोलायला लागतील. लायसन्स जप्त झालंय ते आरटीओकडे जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलंय, तेव्हा त्याची तयारी ठेवा. निलंबन लागल्यावर ‘इथेच तर जायचंय’ म्हणून माथनी टोलपर्यंतसुद्धा गाडी काढू देऊ नकोस, तो वेगळा गुन्हा आहे. एनटीपीसीच्या पाळीला शेजारच्यांच्या मागे बसून जातील. बाजारात, सासरी, माहेरी जायचं असेल तर तू चालव, ते मागे बसतील. मागे बसायला लायसन्स लागत नाही, हेल्मेट लागतं.